सोनगीरचे पाणबुडे आबा

सोनगीरच्या आसपास कुणी विहिरीत किंवा तलावात बुडालं, की आमच्या शेजारच्या आबांना बोलावणं येतं. समोरचं ताट सारून ते उठतात आणि एवढंच विचारतात, "आंगवर काय व्हतं?" गढूळ पाण्यात काही दिसत नाही, हाताला कापड लागलं, की कळतं. प्रेत वर आणून दिलं, की ते थेट घरी जातात.

यंदा आबांच्या मुलानं त्यांना आमच्यासोबत अंदमानला पाठवलं. एका दूरच्या बेटावर नवशिक्यांना समुद्राखाली नेत होते. पाठीवर हवेची टाकी चढवताना आबा दोनदा मागे सरले.

"भीती वाटते का, आबा?" मी विचारलं.

"खाल कोन शे?"

"कुणी नाही. नुसते मासे आहेत."

पाणी तळापर्यंत नितळ होतं. तरी आबा डोळे घट्ट मिटून, हात पुढे करून चाचपडत राहिले. शेवटी प्रशिक्षकानं खांद्यावर थोपटलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

वर आल्यावर ते होडीत चढले. मग माझं मनगट धरून हळूच म्हणाले,

"हातले मासा लागी गया, भाऊ. जित्ता व्हता."