राहिलेल्या कापसाचं अक्षर

आमच्या कुळात बी. ए. झालेला मी पहिला. हे मी अजूनही सांगत फिरतो. कोणाला आवडो न आवडो.

तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. बार्शीटाकळीकडच्या वावरात वेचणी चाललेली. मी मुंबईहून सुटीत आलो होतो, खिशात कॉलेजातल्या गुरुजींच्या पुस्तकातून उतरवलेली चार पानं. एका विलायती गणित्यानं तर्कशास्त्राचं बीजगणित केलं होतं. त्याच्याकडे अक्षर म्हणजे संख्या नव्हे, निवड.

माय धुऱ्यावर, वावराच्या बांधाला बसून वेचलेल्या कापसातून कवडी, म्हणजे पिवळा, किडका कापूस, बाजूला काढत होती. मी ऐटीत म्हणालो, "माय, 'क' म्हणजे पांढरा निवडणं. त्या पांढऱ्यातून पुन्हा पांढरा निवडला, तर काय हाती येते?"

"पांढराच. हे शिकाले मुंबईले गेल्ता काय रे बाप्पा?"

वेचणाऱ्या बाया खदखदल्या.

"पण एका सायबानं लिहून दाखवलं! निवडीवर निवड म्हणजे गुणाकार. क गुणिले क बरोबर क. आकड्यांत असं फक्त शून्य आन एकच वागते."

तिनं कवडीच्या ढिगावर हात ठेवला. "अन् हे राह्यलं थे? याले कोनतं अक्षर देल्लं तुह्या सायबानं?"

माझी चार पानं तिथवर पोचलीच नव्हती. तसं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "तुले नाई समजत त्यातलं."

"बरं. तुले समजलं का मले सांगजो."

पुढच्या वर्षी ते पुस्तक पुरतं वाचायला मिळालं. मायच्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं. सगळं मिळून एक. त्यातून क वजा केला की राहिलेलं. आणि ते राहिलेलं मिळवल्याशिवाय एक काही पुरा होत नाही. खोलीत मी एकटाच हसलो. पत्र लिहिलं असतं, पण तिला वाचून दाखवणार कोण? म्हटलं, समोर बसूनच सांगू.

परीक्षा देऊन अकोल्याला उतरलो, तर बा न्यायला आलेला, डोकं भादरून. माय पटकीनं गेली होती.

"तुही परीक्षा बुडाली असती," एवढंच तो बोलला.

आता मी अमरावतीच्या शाळेत गणित शिकवतो. शाळेच्या पुस्तकात नसलं तरी दरवर्षी एक दिवस फळ्यावर क गुणिले क मांडतो, आणि खडू हातात धरून थांबतो. कोणीतरी म्हणावं, अन् राह्यलं थे?

पोरं खाली मान घालून उतरवून घेतात. हुशार आहेत. अजून कोणी विचारलेलं नाही.