बागेतला लाल झेंडा

माझ्या हुशारीचा किस्सा ऐकायचाय ना? मग चहा आधी संपवून टाका. नंतर तो घशाखाली उतरेल याची खात्री नाही.

कुंडलला आमची द्राक्षबाग. माल परदेशी जातो, त्यामुळे नियम लय कडक. औषध मारलं की त्या प्लॉटवर लाल झेंडा लावायचा, आणि ठरलेले दिवस सरेपर्यंत तिथला मणीसुद्धा तोडायचा नाही. आईला वाचता येत नाही, पण हा नियम तोंडपाठ. "झेंडा न्हाई तितंच हात लावायचा," असं ती मजुरांनाही दटावायची.

आता माझं डोकं बघा! रस्त्याकडेच्या काही ओळी आम्ही घरी खायला राखलेल्या, त्यांना कडक औषध नाही. नेमक्या त्याच ओळींवर येणारा-जाणारा हात साफ करायचा. मी काय केलं? झेंडा नेऊन तिथंच रोवला. चोरी बंद! पारावर बसून मी ही युक्ती सगळ्यांना ऐकवत होतो, घरात आईला तेवढी सांगायची राहिली.

एक दिवस मागच्या प्लॉटला औषध मारलं. बायको म्हणाली, "आवं, झेंडा मागं न्यायचा न्हाई व्हय?"

"तिकडं कोण जातंय मरायला?" मी म्हणालो.

आई गेली की हो!

तिची संकष्टी होती. उपासाला द्राक्षं आणायला निघाली. रस्त्याकडेला झेंडा दिसला, तशी मागच्या प्लॉटकडं वळली. बिनझेंड्याच्या प्लॉटमधला घड तोडला, धुतला आणि खाल्ला. म्हणजे बाईनं सगळं नियमानं केलं.

तासाभरात उलट्या सुरू झाल्या. तोंडाला फेस, अंग घामानं भिजलेलं. गाडीत घालून सांगलीला पळवलं. वाटेत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि डोळे फिरलेले. "आई, बोल की गं!" मी ओरडत होतो. मला वाटलं, संपलं सगळं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं यांनी?"

आईच पुटपुटली, "झेंडा बघूनच तोडली वो."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. औषधाचं नाव मी घडाघडा सांगितलं, पण झेंड्याचं तेवढं गाळलं. ते बायकोनं सांगितलं, आणि पाणी न घालता सांगितलं.

आई वाचली. ती घरी आली त्या दिवशी मी झेंडा आधी मागच्या प्लॉटवर नेला. मग रस्त्याकडेचा चांगला घड धुऊन ताटात घालून तिच्यापुढं ठेवला.

"खा गं. ह्याला औषध न्हाई."

तिनं एक मणी तोडला आणि माझ्या तोंडाशी धरला. "आदी तू खा."

मी खाल्ला. "बघ, काय झालं का? खा आता."

आईनं ताट बाजूला सारलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"थांब वाईच," ती म्हणाली. "मला तासाभरानं झालं हुतं."