हेस्टरचा झगा

गळ्याला गाठ आली की आमच्या गावातल्या बायकांना अँब्रोझ टिंडलची आठवण व्हायची. फाशी गेलेल्या माणसाचा हात गाठीवरून फिरवला की गाठ जिरते, आणि तो हात धरून फिरवणारा म्हणजे अँब्रोझ. फाशीच्या दिवशी त्याच्यापुढे नुसती ढकलाढकल. दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच बाया त्याला बघून आपापल्या टोपल्या झाकून घ्यायच्या. माझी गाठही त्यानंच जिरवली, आणि टोपली मीही झाकायचे. मी पडले सुईण. माझे हात चार घरांत लागतात, मला जपायला नको?

अँब्रोझ मूळचा विणकर. मेंढरं चोरली म्हणून तिघांना फाशीची शिक्षा झाली, त्यातला हा एक. नेमका त्याच आठवड्यात जुना फाशीवाला मेला. फाशीचा बंदोबस्त बघणारे शेरीफसाहेब म्हणाले, "त्या दोघांना तू लटकव, तुला सोडतो." त्यानं लटकवलं. तेव्हापासून गुत्त्यात त्याचा पेला वेगळा, दाराबाहेर खिळ्याला टांगलेला. "आला रे दोरवाला, माना सांभाळा!" असं म्हणून लोक हसायचे, तोही हसायचा. एक मात्र होतं. गळ्यात दोर घालायच्या आधी तो प्रत्येकापुढे गुडघे टेकून माफी मागायचा. मेलेल्याचे कपडे हा फाशीवाल्याचा हक्क, ते त्याची बायको सिसली धुऊन विकायची.

न्यायाधीश लंडनहून वर्षातून दोनदा यायचे. त्या वर्षी ईस्टरच्या आधी ते आले आणि हेस्टर नावाच्या मोलकरणीला चांदीचे चमचे चोरले म्हणून फाशी सुनावून गेले. ती म्हणाली, पोटात मूल आहे. अशा वेळी लग्न झालेल्या बारा बायका तिला आत नेऊन तपासतात. मूल फिरत असेल तर फाशी टळते. त्या बाराजणींत मी होते. आदल्या वर्षी दोघींनी आम्हाला असंच बनवलं होतं आणि सगळं गाव आम्हाला हसलं होतं. म्हणून कापडवाल्याची पेलबाई दारातच म्हणाली, "या खेपेला कुणी पाघळायचं नाही हं!"

"सकाळीच फिरलं हो, बाई," हेस्टर मला म्हणाली. मी हात ठेवला. हाताला काही लागलं नाही. की मीच हात लवकर काढला? सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "नाही," मी म्हणाले. जेवणवेळेला आम्ही आपापल्या घरी होतो.

तीन आठवड्यांनी अँब्रोझनं तिला फासावर चढवलं. पण तिचा झगा काही घेतला नाही. झग्यासकट तिला खड्ड्यात ठेवलं आणि स्वतः माती लोटली. गावाला चघळायला आयतं मिळालं. "दोरवाल्याचा जीव जडला होता वाटतं पोरीवर!" मीसुद्धा हसले.

ऑगस्टात सिसलीला कळा लागल्या. बाळंतिणीपाशी शेजारणी जमतात, तिच्याकडे एकही फिरकली नाही. मला जावंच लागलं, सुईणीची शपथ घेतलेली आहे ना. एक कळ ओसरल्यावर तिनं माझं मनगट धरलं.

"मावशी, नीट हात लावा. फिरतंय ना?"

"फिरतंय की. असं काय विचारतेस?"

"हेस्टरचंही फिरत असणार. ह्यांनी तिला खाली घेतलं तेव्हा पोट हाताला लागलं. चांगलं वर आलेलं. म्हणून झगा काढला नाही. म्हणाले, काढला तर सगळ्यांना दिसेल, त्या बारा बायकांना तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

मी मनगट सोडवून घेतलं. मुलगी सुखरूप झाली, नाळ कापून मी तिला सिसलीच्या कुशीत दिली. बाहेर आले तर अँब्रोझ दारात उभा.

"हेस्टरचं... खरं आहे?" मी विचारलं.

"दोर घालायच्या आधी मी माफी मागितली. 'केलं माफ' म्हणाली. तुमचं काही बोलली नाही ती." मग तो घुटमळला. "मावशी, बाप्तिस्म्याला सासरवाडीचे दोघं येतील, पण मुलीला धर्ममाता दोन लागतात, एक कमी पडतेय. तुम्ही व्हाल?"

"सुईणीला चालत नाही," मी म्हणाले. साफ खोटं. त्यानं मान डोलावली.

रविवारी बाप्तिस्मा होता, तोवर मला एका जागी बसवेना. पीठ मळायला घ्यायचं आणि तसंच टाकून बाहेर यायचं. रस्ता झाडायला घ्यायचा आणि अर्ध्यावर सोडायचा. तळहात सारखे कपड्याला पुसत होते. भीती कशाची, तर त्याच्या पोरीची धर्ममाता झाले तर उद्या मला बाळंतपणाला कोण बोलावणार?

बाळाला चर्चमध्ये न्यायचं काम सुईणीचं, म्हणून ते माझ्याच हातात होतं. "दुसरी धर्ममाता कोण?" पाद्रीबाबांनी विचारलं. कुणी हललं नाही. पुढच्या बाकावर पेलबाई, शेजारी तिची दिवस भरलेली सून, मागं त्या बाराजणींतल्या बाकीच्या, सगळ्या गळ्यावरचे रुमाल सारखे करत बसलेल्या.

"सुईणबाई, तुम्हीच व्हा की."

"त्यांना चालत नाही, बाबा," अँब्रोझ म्हणाला.

"कोण म्हणतं?" पाद्रीबाबा चिडले.

अँब्रोझनं माझ्याकडे पाहिलं. कळलं त्याला. तो टोपी चुरगाळत म्हणाला, "राहू द्या, बाबा. त्यांना चार घरी जावं लागतं."

त्याचं ते सांभाळून घेणं मला सोसवेना. एकदा त्यानं माझी अब्रू मातीत पुरून राखली होती, आता पुन्हा राखायला निघाला होता.

"चालतं," मी म्हणाले. "मी आहे."

पेलबाईनं सुनेला हाताला धरून बाकाच्या पार टोकाला सरकवलं. म्हणजे ते बाळंतपण गेलं.

"नाव?" पाद्रीबाबांनी विचारलं. नाव धर्ममातेनं सांगायचं असतं. आईबापानं डॉर्कस ठरवलं होतं.

"हेस्टर," मी म्हणाले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

पेलबाई समजायचं ते समजली, तिची मान खाली गेली. अँब्रोझ तोंडावर टोपी धरून उभा होता. डोक्यावर गार पाणी पडलं तशी पोर माझ्या हातात जोरानं फिरली, आणि या वेळी मी हात काढला नाही.