बायचा वड

कोरगावच्या आमच्या घराच्या विहिरीला चिऱ्यांचा कठडा होता आणि त्याच्या फटींत वडाची दोन रोपं वाढली होती. सासरे दरवर्षी ती कोयत्याने छाटत आणि ती पुन्हा फुटत. तशीच खुरटत राहिल्यामुळे उंची वीतभर, पण बुंधा चांगला अंगठ्याएवढा जाड. त्या वर्षी चतुर्थीला मी आणि माझी नणंद घरी जमलो, तेव्हा आम्ही ती काढायचं ठरवलं. म्हापशाला एका बाईंनी बोन्सायचा वर्ग घेतला होता. आम्ही दोघी त्याला गेलो होतो आणि हा नाद दोघींना एकदमच लागला होता.

पहार लावून चिरा सैल केला आणि रोपं मुळांसकट सोडवली. नात्याने मी मोठी, म्हणून ती म्हणाली, "वयनी, तू आधी घे." मी सरळ बुंध्याचं, भरपूर पानांचं रोप उचललं. तिच्या वाट्याला वाकडं आलं. तिने ते ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि डिचोलीला घेऊन गेली.

नणंदेला घरात सगळे बाय म्हणत, मीही म्हणे. तिच्या नवऱ्याचे खाणीवर ट्रक होते. घर हमरस्त्याला लागून, त्यामुळे अंगणातल्या तुळशीपासून वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत सगळ्यावर तांबडी धूळ. अशा ठिकाणी झाड काय जगणार, असं मला वाटलं होतं. माझ्या मनात तेव्हा थोडी दयाही होती तिच्याबद्दल.

मी पेडण्याला कचेरीत नोकरी करायची. संध्याकाळी घरी आले की चहा नंतर, आधी दारापुढच्या बाल्कांवात झाडाकडे. मोटार रिवायंडिंगवाल्याकडून तांब्याची तार आणली होती. ती फांद्यांना गुंडाळायची, फांदी वाकवायची, आठवड्याने मनासारखी दिसली नाही की तार सोडवून दुसरीकडे वाकवायची. उथळ कुंडी मिळेना, म्हणून जुन्या इनॅमलच्या परातीला तळाशी भोकं पाडून घेतली. बायला तो त्रास नव्हता. डिचोलीला कुंभार घराजवळच, तिने हवी तशी पसरट कुंडी भाजून घेतली. ती कुंडी प्रथम पाहिली तेव्हा मला माझी परात एकदम नकोशी वाटली. पुढे त्याला काय म्हणतात ते मला नीट कळलं.

कारण दोन-तीन पावसाळ्यांत तिच्या झाडाने पारंब्या सोडल्या. केसासारख्या बारीक पारंब्या, मातीत टेकून हळूहळू जाड होत गेलेल्या. ते वाकडेपणच आता त्याचं रूप झालं होतं. पाहणाऱ्याला एखाद्या देवळापुढचा वड आठवावा, तो तिच्या ओट्यावर दोन हातांत मावत होता. माझं झाड जिवंत होतं, एवढंच. काठीला पानं चिकटवल्यासारखं दिसायचं.

म्हापशाच्या पुष्पप्रदर्शनात आम्ही दोघींनी झाडं ठेवली. माझ्या झाडासमोर लोक थांबत नव्हते, पुढच्या टेबलाकडे वळत होते. माझे यजमान आपल्या कचेरीतल्या एका गृहस्थांना घेऊन आले आणि थेट तिच्या वडापाशी नेऊन म्हणाले, "हें माझ्या भयणीचां." मी तिथेच, हातभर अंतरावर उभी होते. ते गृहस्थ वाकून पारंब्या बघू लागले. यजमानांना माझं झाड दाखवायचं सुचलं नाही. बायला पहिला नंबर मिळाला. मी तिला मिठी मारली, आणि मिठी मारताना माझे दात घट्ट आवळलेले होते.

त्यानंतर डिचोलीला जाणं मी टाळू लागले. गेले तरी ओट्यावरून मान खाली घालून आत शिरायची. ती मला खतं कसली घालतेस, माती कुठली आणतेस, असं विचारी. मला वाटे, ही मुद्दाम विचारते.

मग तिच्या थोरल्या मुलीचं बाळंतपण आलं. मुलगी बेळगावला, म्हणून बाय तिकडे काही महिने जायची होती. जाण्याआधी जीपमधून वड घेऊन ती माझ्या दारात आली. घरातली माणसं पाणी घालायला विसरतील, म्हणाली. तुझ्यासारखी काळजी दुसरं कोण घेणार? मी कुंडी हातात घेतली. अपेक्षेपेक्षा जड होती.

ते झाड माझ्या झाडाशेजारी ठेवलं आणि मला रोज दोन्हींकडे बघावं लागे. तिच्या वडाला हात लावायची मला भीती वाटायची. एक फांदी तुटली असती तर जन्मभर लोकांनी म्हटलं असतं, वहिनीने मुद्दाम केलं. म्हणून फक्त पाणी. कात्री नाही, तार नाही, कुंडी फिरवणंही नाही.

थंडी सरता सरता त्याला फळं धरली. पानांच्या बेचक्यात हिरवे मणी, मग लाल. शेजारपाजारचे बघायला आले. झाड कोणाचं ते मी प्रत्येकाला सांगितलं, पण फळ इथं धरलं हेही सांगितलं, जरा मोठ्यानेच.

बाय परतली, झाड न्यायला आली आणि बाल्कांवाच्या पायरीवरच थबकली. मग म्हणाली, "माज्याकडे इतकी वर्सां आसलां, एक फळ धरूंक नाय. तू काय घातलंस?"

मी म्हटलं, काहीच नाही, पाणी. तिला ते पटलं नाही. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी आरशात पाहून ओळखत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. नंतर कितीतरी दिवस कामात असताना ती नजर आठवून मला बरं वाटत राहिलं.

माझ्या झाडाची तार मी त्याच आठवड्यात काढून टाकली आणि त्याला सोडून दिलं. पानं तजेलदार झाली. आकार मात्र काठीचाच राहिला.

पुढच्या वर्षी बायचा निरोप आला, वडाला फळं आली, बघायला या. आम्ही दोघं गेलो. माझ्याकडे धरली होती त्याहून कितीतरी जास्त होती, पाखरांनी खाऊ नयेत म्हणून तिने वर जाळी घातली होती. यजमान खुर्ची ओढून झाडासमोरच बसले. येताना बसमध्येही तेच बोलत होते. शेवटी मी म्हटलं, पहिली फळं माझ्याकडे धरली होती, विसरलात?

"धरलीं," ते म्हणाले, "पण झाड तिचांच मगे."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. म्हापशाला बस बदलली, तेव्हा मी त्यांच्यापासून दोन बाकं सोडून बसले.