फालेसी आजीचा जप्त गणवेश

फालेसी आजीला कुणी मायाळू म्हटलं की तिचा पारा चढे. "माया कसली डोंबलाची? पोरं उपाशी रडतात आणि माझं डोकं उठतं," ती म्हणे. डोकं उठू नये म्हणून ती वर्षानुवर्षं चर्चशेजारच्या आंब्याखाली मोठ्या हंड्यात मक्याची पेज शिजवत होती. गावातली आईबाप नसलेली पोरं तिथं येत, पेज पीत आणि तिची बोलणी खात. ज्या आजाराचं नाव घ्यायलाही गाव भीत असे, त्या आजारात तिने स्वतःच्या दोन मुली पुरल्या होत्या. धाकटीची टियांजाने नावाची मुलगी तिच्याजवळच असे. सारं गाव तिला आगोगो, म्हणजे आजीबाई, म्हणायचं.

तिला जगात एकच हाव होती. चर्चच्या महिला मंडळातली बाई वारली की बाकीच्या बाया काळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज आणि डोक्याला पांढरा रुमाल अशा गणवेशात येतात, तिला न्हाऊ घालतात आणि गात गात कबरीपर्यंत नेतात. आजीच्या मुलींना तसंच नेलं होतं. आपल्यालाही तसंच न्यावं, एवढंच तिला हवं होतं. गणवेश ती पेटीत घडी घालून ठेवी आणि रविवारखेरीज त्याला कुणाचा हात लागू देत नसे.

परदेशातलं एक चर्च दरवर्षी पिठाची पोती पाठवी. त्या वर्षी पोती आली नाहीत, शुभेच्छांचं कार्ड आलं. त्यावर मेंढ्या होत्या. जानेवारी, म्हणजे आमच्याकडचा पावसाळा, चालू होता, कणग्या रिकाम्या आणि शेतातला मका जेमतेम गुडघाभर. आजीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, त्यात शिजण्यासारखं काही नव्हतं. मग तिने परसात भट्टी लावली. कचासू दारू गाळायची, विकायची आणि त्यातून पीठ आणायचं. पीठ येत होतं तोवर चर्चमध्ये कुणी काही विचारलं नाही. भट्टीचा वास प्रार्थनेपर्यंत पोचला तेव्हा मात्र चर्चच्या कारभारी वडील मंडळींची बैठक बसली.

बैठकीचे प्रमुख काचिंग्वे. मान म्हणून गाव त्यांना बाम्बो म्हणे. पत्र्याचं छप्पर आणि फेब्रुवारीतही भरलेली कणगी गावात एकट्या त्यांचीच.

"आगोगो, तुम्ही दारू गाळता हे खरं?"

"खरं."

"आणि फार कडक गाळतात," कोपऱ्यातून दुसरे एक वडील, झिम्पिता, म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं. "असं लोक म्हणतात," ते म्हणाले.

शिक्षा ठरली. नाताळापर्यंत शेवटच्या बाकावर बसायचं आणि गणवेश काचिंग्वे यांच्या घरी जमा करायचा. मधेच मरण आलं तर मंडळ गायला येणार नाही. भट्टी आजच बंद.

"बंद करते, बाम्बो. पण पोरांचं काय?"

"आपण प्रार्थना करू."

"करा," आजी म्हणाली आणि गणवेश आणायला घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी ती सगळी पोरं घेऊन काचिंग्वे यांच्या अंगणात हजर झाली. चटईवर न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, वाफाळत होता, शेजारी वाळक्या माशांचं कालवण होतं. आमच्याकडे ताट मांडलेलं असताना कुणी आलं तर त्याच्या हातावर पाणी घालून त्याला जेवायला बसवावंच लागतं. दार लावून जेवतो तो चेटक्या, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"काय काम काढलं, आगोगो?" काचिंग्वे यांनी विचारलं.

"काम कसलं? सहज आलो, बरं-वाईट विचारायला."

पोरांनी बरं-वाईट विचारलं, हात धुतले आणि ताट साफ केलं. काचिंग्वे यांच्या बायकोने पुन्हा पाणी चुलीवर चढवलं.

मग रोज बैठकीतल्या एका वडिलांचं घर. झिम्पितांनी जेवणाची वेळ बदलून पाहिली. पोरं अंगणात शहाण्यासारखी बसून राहिली आणि धूर दिसताच उठली. शेवटी वडील मंडळींनी पाळ्या लावून घेतल्या आणि ही आपलीच कल्पना असल्याचं रविवारी जाहीर केलं. गणवेशाचा विषय मात्र कुणी काढला नाही. शिक्षा ती शिक्षा.

पाऊस सरता सरता आजीला हिवताप चढला. दवाखान्याच्या गोळ्या पोटात राहीनात. ती टियांजानेचा हात धरून रडायला लागली. आजीला रडताना त्या पोरीने कधी पाहिलं नव्हतं.

"मुकाट्याने पुरतील गं मला. कुणी गाणारसुद्धा नाही."

दुपारी पोरं एकटीच निघाली. पाळी काचिंग्वे यांची होती. पोरांनी हात धुतले, ती गोल करून बसली, पण न्सिमाला कुणी हात लावला नाही.

"जेवा ना रे," काचिंग्वे म्हणाले.

कुणी हललं नाही. पाहुणा तुमच्या अन्नाला शिवला नाही, म्हणजे तुम्ही त्यात विष घातलंत असंच तो गावाला सांगतो. कुंपणापलीकडे शेजारणी एव्हाना जमल्या होत्या.

"काय झालं तुम्हाला?"

"आजीचे कपडे द्या," टियांजाने म्हणाली.

"ते बैठकीत ठरलंय, बाळ. नाताळापर्यंत—"

"आम्ही बसतो नाताळापर्यंत."

न्सिमा थंड झाला, वर साय धरली. काचिंग्वे पोरांकडे बघत बसले. त्यातल्या एकाचं पोट आवाज करत होतं, आणि ते पोर लाजून पोटावर हात दाबत होतं. म्हाताऱ्याला ते बघवेना. ते आत गेले, आणि गणवेश घेऊन स्वतःच आजीच्या झोपडीकडे चालू लागले. मागून पोरं, आणि त्यांच्या मागून शेजारणी.

आजीने डोळे उघडले. दारात काचिंग्वे होते आणि त्यांच्या हातांवर पांढरा रुमाल होता.

"मेले का मी?"

"नाही, आगोगो."

तिने रुमाल ओढून छातीशी धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग दारातली पोरं तिला दिसली.

"ही जेवली का?"

काचिंग्वे यांनी वळून पोरांकडे पाहिलं.

"मग उभे काय राहिलात, बाम्बो? हंडा आंब्याखाली आहे."

काचिंग्वे यांनी बूट काढले आणि ते चूल पेटवायला गेले.