पाचवं कलम

पूर्णगडच्या एका गलबताच्या तांडेलाचा धोंडू रत्नागिरीत मॅट्रिकला होता आणि पुढारी होता. खरं तर पुढारी आधी, मॅट्रिक जमलं तर. राहायला यमुनाबाईआत्याकडे. बोलायला उभा राहिला की पोरं तहानभूक विसरत, आणि हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. छत्तीस साली मुंबईहून पत्र आलं: प्रांतातल्या विद्यार्थ्यांची परिषद इथे भरतेय, मागण्या घेऊन जिल्ह्याचा एक प्रतिनिधी पाठवा. तो कोण, हे धोंडूने मनात कधीच ठरवून टाकलं होतं.

फी कमी करा, स्वदेशी कापड वापरा, मुलींना वर्गात घ्या, तुरुंगातले विद्यार्थी सोडा, अशी चार कलमं झाली. पाचवं केरूचं. केरू महारवाड्यातला, वर्गात सगळ्यांच्या मागे बसायचा आणि गणितात सगळ्यांच्या पुढे असायचा. शाळेच्या माठाला हात लावायची त्याला बंदी. शिपायाने वरून ओतलं तर ओंजळीने प्यायचं, शिपाई नसला तर तहानलेलं बसायचं. 'सगळ्यांना एक माठ, एक पेला' एवढंच त्याचं म्हणणं. त्यासाठी तीन शाळा पायी फिरून त्याने सह्या आणल्या होत्या.

शाळेने जागा नाकारली, म्हणून शेवटची बैठक आत्याच्या पडवीत भरली. केरूला वर, आपल्या शेजारी बसवायला धोंडू आत्याशी भांडला होता. त्या भांडणाचा त्याला केवढा अभिमान!

"पोरांनू, आधी गूळपाणी घ्या, मग करा तुमचा स्वराज्य," म्हणत आत्याने गुळाची वाटी, तांब्या आणि पेला ठेवला आणि ती आत गेली.

धोंडू वाचायचा थांबतोय कुठला! एका हातात कागद, दुसऱ्या हाताने पेला भरून एकेकाला देत तो पाचवं कलम रंगून वाचत होता. केरूची पाळी आली. धोंडूने पेला बाजूला सारला, तांब्या वर उचलला आणि उंचावरून धार सोडली. केरूचीही ओंजळ आपोआप पुढे आली. धोंडूच्या तोंडात तेव्हा शब्द होते, 'एक पेला'.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! केरू प्यायला, धोतराला हात पुसले आणि म्हणाला, "पुढं वाच."

बाकी कुणाला त्यात काही वावगं दिसलंच नाही. प्रतिनिधी म्हणून धोंडूला एकमताने निवडलं, टाळ्या पडल्या. केरूनेही वाजवल्या. धोंडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटत राहिलं. तीन दिवस घास गोड लागला नाही.

चौथ्या दिवशी भरदुपारी तो केरूच्या अंगणात जाऊन उभा राहिला. केरूची आई राही दारातच घाबरली. कुणी बघितलं तर बोल तिलाच लागायचा.

"मुंबईला तू जा," धोंडू म्हणाला. "ते कलम माझ्या तोंडी शोभत नाय."

केरू मागे वळला. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला. धोंडूने खाली वाकून ओंजळ पुढे केली. असं प्यायलो की फिटलं, असा त्याचा हिशेब.

"हात कशाला पसरतोस?" केरू म्हणाला. "घे, तोंडाला लाव. आमच्या घरात कुणाला वरनं नाय घालीत."

धोंडूने तांब्या तोंडाला लावला. केरू तांब्या रिकामा होईपर्यंत थांबला, मग त्याने विचारलं, "बोट कदी सुटते?"

"बेस्तरवारी," धोंडू म्हणाला. एवढं सांगतानाही त्याला मान वर करता आली नाही.