बिनपावडरीची पिल्लं

माझी धाकटी बहीण कोंबड्या पाळते. तिच्याविषयी लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस मिळाला असता, पण ती म्हणाली, "दादा, तूच लिही. तू वाढवून सांगणार नाहीस."

तिच्या शेडमध्ये एक रीत होती. पिल्लं आली की लगेच त्यांच्या पाण्यात औषधाची पिवळी पावडर घालायची. एक शिंकलं तरी सगळ्यांना दुप्पट. खाद्यवाला ती पावडर पोत्यांबरोबरच आणून द्यायचा. आम्हाला ते टॉनिकच वाटे.

मग मेहुण्यांच्या बोटाला शेडच्या जाळीची तार लागली. जखम एवढीशी, पण हात कोपरापर्यंत सुजला. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, उतार नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी जखमेतला पू तपासायला पाठवला आणि अहवाल आल्यावर विचारलं, "कोंबड्यांना काय देता?"

नाव ऐकून त्या म्हणाल्या, "मीही त्याच जातीचं अँटिबायोटिक देत होते. या जंतूंना ते पचायला लागलंय. शेडमधूनच आले असावेत. असे जंतू मांसाबरोबर दुकानात जातात, तिथून लोकांच्या ओट्यावर."

वेगळ्या औषधाने हात वाचला. घरी येताच धाकटीने पावडर बंद केली.

खाद्यवाला हसला. "ताई, पिल्लं पटापट जातील. मग मला बोलू नका."

"तुम्हाला बोलून कुणाचं भलं झालंय?"

तोंडाने असं म्हणाली, पण तिला घास जात नव्हता. आजारपणाच्या खर्चाने आधीच कंबर मोडली होती. येणारी बॅच गेली तर शेड बंदच.

तिने पिल्लं कमी घेतली. पिल्लांखालचं ओलं तूस रोज काढलं, वारा खेळता ठेवला, शेडच्या चपला वेगळ्या केल्या. मेहुणे बऱ्या हाताने पाण्याची भांडी घासत.

"घरात कधी कपबशी विसळली नाहीत," ती टोमणा मारी.

"कोंबड्या नावं ठेवत नाहीत," ते म्हणत.

एकदा काही पिल्लं मलूल झाली. धाकटीने पावडरीचा उरलेला डबा हातात घेतला, मग खाली ठेवला आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाहून सांगितलं, "गारठलीत. औषध नको, ऊब द्या." दिवे खाली उतरवले. दोन-चार सोडून सगळी तरली.

माल न्यायला गाडी आली, तेव्हा खाद्यवालाही डोकावला. त्याने एक कोंबडी उचलली. तिने त्याच्या अंगठ्याला कडकडून चोच मारली.

"तब्येत बघून झाली असेल तर साबण तिकडे आहे," धाकटी म्हणाली आणि पुढच्या पिल्लांसाठी फोन लावायला आत गेली.